असिसी आणि मोन्तेफाल्कोचा द्राक्षमुलूख: आई आणि मावशीला घेऊन ऑक्टोबरात जायचे आहे, मार्गदर्शन हवे

अंबाझरी_काठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

यंदा ऑक्टोबरात आई, मावशी आणि मी इटलीला जाण्याचे ठरवत आहोत. नागपूरहून मुंबईमार्गे रोमला उतरायचे, एवढे पक्के आहे. रोम तर पाहूच, परंतु आईची खरी ओढ असिसीची आहे. आई निवृत्त शिक्षिका असून संतांची चरित्रे वाचणे हा तिचा आयुष्यभराचा ध्यास आहे. तुकडोजी महाराजांच्या मोझरीला ती दरवर्षी जाते आणि असिसीचे संत फ्रान्सिस यांच्याविषयीही तिने मिळेल तेवढे वाचलेले आहे. मावशीची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. असिसीच्या दक्षिणेला टेकड्यांवरच्या गावांमध्ये द्राक्षबागा आहेत असे कळल्यापासून तिचा तिकडे जाण्याचा आग्रह आहे. तिला वाइन प्यायची नाही, बाग पाहायची आहे.

रोममध्ये मुक्काम ठेवून एका दिवसाची टॅक्सी करावी, सकाळी असिसी, दुपारी मोन्तेफाल्को आणि रात्री परत रोम, असा सध्याचा बेत आहे. तो कितपत योग्य आहे? दोघीही पासष्टीच्या पुढच्या आहेत, चालू शकतात, पण चढ फार झाला तर त्रास होतो. दोघी पूर्ण शाकाहारी आहेत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे पाहुणे आमच्या घरी उतरतात, त्यामुळे त्याआधी परत येणे भाग आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_सदरकर

ताई, आपला बेत मी आपल्या जागी असतो तर पूर्ण बदलला असता. रोमहून एका दिवसात असिसी उरकता येते, नाही असे नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षे फ्रान्सिस यांचे चरित्र वाचले आहे त्यांना दुपारच्या गर्दीत दोन तास फिरवून परत गाडीत बसवणे मला योग्य वाटत नाही. दिवसाच्या सहलीच्या बसगाड्या साधारण दहाच्या सुमारास येऊ लागतात आणि संध्याकाळी निघून जातात. खरे असिसी त्याआधी आणि त्यानंतर भेटते. मुक्काम असिसीतच ठेवावा आणि तेथूनच बाकीची गावे पाहावीत.

आता मूळ ठिकाणाविषयी. हे गाव सुबासिओ पर्वताच्या पश्चिम उतारावर आहे आणि घरे, पायऱ्या, देवळे अशी सगळी बांधणी त्याच डोंगरातल्या फिकट गुलाबी आणि पांढऱ्या दगडाची आहे. संत फ्रान्सिस यांचे निधन ३ ऑक्टोबर १२२६ रोजी संध्याकाळी झाले, १२२८ च्या जुलै महिन्यात त्यांना संतपद मिळाले आणि लगेचच पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांच्या नावाच्या बॅसिलिकेची, म्हणजे मोठ्या चर्चची, पायाभरणी केली. ज्या टेकाडावर ती उभी आहे तेथे पूर्वी गुन्हेगारांना देहदंड देत असत आणि त्या जागेला नरकाची टेकडी म्हणत, असे सांगितले जाते. पुढे तिला स्वर्गाची टेकडी असे नाव मिळाले.

बॅसिलिकेत एकावर एक अशी दोन चर्च आहेत आणि सर्वांत खाली समाधी आहे. पाहण्याचा क्रम माझ्या मते खालून वर ठेवावा. १२३० मध्ये देह येथे आणल्यावर तो चोरीला जाऊ नये म्हणून वेदीखाली इतका खोल दडवला गेला की, नेमकी जागा शेकडो वर्षे कोणालाच ठाऊक नव्हती. ती १८१८ मध्ये खोदकाम करून शोधली गेली. आज तेथे दगडी खांबात लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली साधी शवपेटी दिसते आणि भोवती त्यांच्या चार निकटच्या सोबत्यांची थडगी आहेत. समाधीपुढे सतत तेवणाऱ्या दिव्यासाठी दरवर्षी ४ ऑक्टोबरला इटलीचा एकेक प्रांत आळीपाळीने तेल अर्पण करतो. आईंना येथे बाकावर निवांत बसू द्यावे, घाई करू नये.

खालचे चर्च ठेंगणे आणि अंधारे आहे. डोळे सरावले की निळ्या छतावरचे सोनेरी तारे दिसू लागतात. पिएत्रो लोरेन्झेत्ती यांनी रंगवलेले, ख्रिस्ताला क्रुसावरून खाली उतरवण्याचे चित्र मुद्दाम शोधून पाहावे. निष्प्राण देह ज्या तऱ्हेने वाकला आहे आणि ज्या हातांनी तो सावरला आहे, ते पाहताना ही चित्रकला चौदाव्या शतकातली आहे हे विसरायला होते. वरचे चर्च मात्र उंच आणि उजेडाने भरलेले आहे. तेथे भिंतींच्या खालच्या पट्ट्यात फ्रान्सिस यांच्या जीवनातले २८ प्रसंग आहेत. परंपरेने ती चित्रे जोत्तो यांची मानतात, अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. आईंना चरित्र पाठ असेल तर मार्गदर्शकाची गरजही भासणार नाही, त्या स्वतःच एकेक प्रसंग ओळखतील.

२६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात याच वरच्या चर्चच्या छताचा काही भाग कोसळून आत असलेले चार जण मृत्युमुखी पडले होते. छतावरची चित्रे हजारो तुकड्यांत खाली आली. ते तुकडे वेचून, जुळवून शक्य तेवढे परत बसवले गेले आणि १९९९ मध्ये चर्च पुन्हा उघडले. जे जुळले नाहीत त्यांच्या जागी छतावर मोकळे डाग दिसतात. मान वर करून तेही अवश्य पाहावेत.

प्रवेश विनामूल्य आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि आवाज वाढला की शांतता राखण्याची सूचना दिली जाते.

बर्डी_ते_बुटीबोरी

एक शंका आहे. आपल्या नागपूरचे सेमिनरी हिल्सवरचे एस. एफ. एस. कॉलेज आणि सदरमधले कॅथेड्रल ज्यांच्या नावाचे आहे तेच हे फ्रान्सिस का?

जुना_सदरकर

नाही. आपल्याकडचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे जिनिव्हाचे बिशप होते आणि त्यांचा काळ १५६७ ते १६२२ असा आहे. असिसीचे फ्रान्सिस त्यांच्याहून जवळजवळ चारशे वर्षे आधीचे. ते कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे चिरंजीव होते आणि बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत देऊन घराबाहेर पडले.

मृगबहार

ताई, मी स्वतः बागायतदार असल्यामुळे आपल्या मावशींच्या आग्रहाचा मला फार आनंद झाला. द्राक्षांविषयी मी लिहितो.

मोन्तेफाल्को असिसीपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. तेथील खास जात म्हणजे साग्रांतिनो. ही काळ्या द्राक्षांची जात असून साल जाड असते आणि तुरटपणा जगातल्या फार थोड्या जातींमध्ये आढळेल इतका असतो. फळ उशिरा तयार होते, त्यामुळे तोडणी बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लांबते. म्हणजे आपण अगदी नेमक्या वेळी जात आहात. हंगामाच्या शेवटी या वेलींची पाने गडद लाल होतात आणि उतारच्या उतार तांबडे दिसू लागतात.

नियम फार कडक आहेत आणि मावशींनी त्यांविषयी तेथे अवश्य विचारावे. इटलीतला सर्वोच्च दर्जा या वाइनला १९९२ मध्ये मिळाला. ती केवळ साग्रांतिनोचीच असावी लागते, हेक्टरी ८० क्विंटलपेक्षा अधिक उत्पन्न घेता येत नाही आणि बाजारात आणण्यापूर्वी किमान ३७ महिने मुरवावी लागते. आपल्याकडे संत्रा उत्पादक झाडावर जास्तीत जास्त फळ टिकवण्यासाठी जिवाचे रान करतो. येथे बागायतदार दर्जासाठी हिरवे घड स्वतःच्या हाताने कापून टाकतो. हा विचार काटोल, वरूडच्या भागात कोणी तरी गांभीर्याने ऐकावा असे मला मनापासून वाटते.

आता धागाकर्तीने ज्या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत, त्या तेथे एकत्र कशा आहेत हे सांगतो. साग्रांतिनोची जुनी परंपरा कोरड्या वाइनची नव्हती. घड तोडल्यावर जाळीच्या मांडणीवर किमान दोन महिने वाळवत आणि मग त्यांच्यापासून पासितो नावाची गोड, दाट वाइन बनवत. ती सणासुदीला, विशेषतः ईस्टरला, काढली जाई आणि धार्मिक विधीतही वापरली जाई. शेतकऱ्याला या जातीतून पैसा मिळेना, म्हणून विसाव्या शतकात ती लोप पावण्याच्या बेतात होती. आर्नाल्दो काप्राई यांच्या वाइनरीने आणि त्यांचे चिरंजीव मार्को यांनी मिलान विद्यापीठाच्या मदतीने या जातीवर संशोधन केले आणि कोरड्या साग्रांतिनोचे नाव जगभर पोचवले.

मोन्तेफाल्कोतले सान फ्रान्चेस्को हे जुने चर्च आता संग्रहालय आहे. तेथे बेनोझ्झो गोझ्झोली यांनी १४५२ मध्ये पूर्ण केलेली फ्रान्सिस यांच्या जीवनावरची भित्तिचित्रे आहेत. एका चौकटीत ते पाखरांना उपदेश करत आहेत आणि मोन्तेफाल्कोला आशीर्वाद देत आहेत. त्याच इमारतीच्या तळघरात तेथल्या साधूंचे वाइन साठवण्याचे कोठार जपून ठेवलेले आहे. वर संतचरित्र आणि खाली द्राक्षरसाची कोठी. आई आणि मावशी दोघींना एकाच दारातून आत नेता येईल अशी ही जागा आहे.

वाइनरीत न पिणाऱ्यांचे स्वागत होते. आधी ईमेल करून बागेची आणि तळघराची फेरी मागावी, चाखायचे नसेल तर तसे स्पष्ट कळवावे. बहुतेक ठिकाणी ऑलिव्हचे तेलही चाखायला देतात. बेवान्या या शेजारच्या गावाजवळ कास्तेल्बुओनो नावाची वाइनरी आहे. तिची इमारत शिल्पकार आर्नाल्दो पोमोदोरो यांनी कासवाच्या पाठीच्या आकाराची घडवली आहे. तांब्याने मढवलेले आणि भेगा कोरलेले ते छत द्राक्षांच्या ओळींमधून दुरूनच दिसते.

वरोरा_नाका

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी एका जागेची भर घालू इच्छितो, कारण ती सहलीच्या यादीत क्वचितच असते.

फ्रान्सिस यांनी मृत्यूपूर्वी जे मृत्युपत्र सांगून लिहवून घेतले त्याची सुरुवातच कुष्ठरोग्यांपासून होते. कुष्ठरोग्यांना पाहणे आपल्याला अतिशय कटू वाटत असे, परंतु ईश्वराने आपल्याला त्यांच्यात नेले आणि जे कटू होते तेच गोड झाले, असा त्याचा आशय आहे. त्या काळी कुष्ठरोग्यांना गावाबाहेर, असिसीच्या खालच्या सपाट प्रदेशात ठेवत. तेथे रिवोतोर्तो नावाच्या वस्तीत फ्रान्सिस आणि त्यांचे पहिले सोबती एका झोपडीत राहिले होते. त्या जागेवर आज चर्च आहे आणि आत ती झोपडी दगडात पुन्हा उभारलेली आहे.

आपल्या विदर्भातल्या माणसाला ही जागा सांगून समजवावी लागत नाही. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला आणि पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याला आनंदवनात जे काम उभे केले, ते पाहत आमची पिढी वाढली. बाबांनी पावसात पडलेल्या कुष्ठरोग्याला पाहून आधी पळ काढला आणि मग ते परत फिरले, ही हकिकत आईंना ठाऊक असेलच. रिवोतोर्तोच्या त्या ठेंगण्या झोपडीसमोर उभे राहिल्यावर मला वरोराच आठवले. आईंनी बॅसिलिकेइतकाच वेळ येथे द्यावा, अशी माझी विनंती आहे.

त्याच रस्त्यावर पुढे सान्ता मारिया देल्यी आंजेली हे भव्य चर्च लागते. त्याच्या घुमटाखाली पोर्त्सिउंकोला नावाचे सुमारे सात मीटर लांब आणि चार मीटर रुंद दगडी प्रार्थनाघर जसेच्या तसे उभे आहे. मोठे चर्च त्या लहान घराभोवती बांधले गेले. काम १५६९ मध्ये सुरू झाले आणि १६७९ मध्ये संपले. फ्रान्सिस यांचा देह याच आवारात, जमिनीवर ठेवलेल्या अवस्थेत शांत झाला.

धंतोली_गृहिणी

ज्येष्ठांसोबत गेल्याच्या अनुभवावरून काही व्यावहारिक गोष्टी लिहिते.

असिसीचे रेल्वे स्थानक डोंगरावर नाही, ते खाली सान्ता मारिया देल्यी आंजेली येथे आहे. रोमहून थेट गाडीला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, काही गाड्या फोलिन्योला बदलाव्या लागतात. छापील तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, नाही तर दंड होतो. स्थानकाबाहेरून वर जाणारी बस मिळते आणि तिचे तिकीट स्थानकावरच्या दुकानात घेता येते. बसने सर्वांत वरच्या पियात्सा मात्तेओत्ती या थांब्यापर्यंत जावे आणि तेथून खाली उतरत उतरत गाव पाहावे. सकाळी सान रुफीनो हे कॅथेड्रल, मग मुख्य चौक, मग बॅसिलिका आणि तिच्याजवळूनच परतीची बस, असे केले तर दोघींना चढ लागणार नाही. मुख्य चौकात इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या रोमन मंदिराचे सहा खांब आजही उभे आहेत. आत मात्र चर्च आहे.

सान दामियानो हा मठ गावाच्या खाली आहे. उतरताना ऑलिव्हच्या बागांमधून जाणारी वाट सुखद वाटते, परत येताना तीच चढण दमवते. येताना टॅक्सी करावी. फ्रान्सिस यांनी सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारे आपले स्तोत्र १२२५ च्या सुमारास, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, येथेच रचले. फ्रान्सिस यांच्या अनुयायी सान्ता क्यारा यांनी आपले जवळजवळ सारे साध्वीजीवन येथेच घालवले आणि १२५३ मध्ये येथेच देह ठेवला. त्यांच्या भोजनगृहातली काळवंडलेली लाकडी मेजे अजून तशीच आहेत.

राहण्यासाठी साध्वींच्या मठांची अतिथिगृहे स्वच्छ आणि माफक दराची असतात. बऱ्याच ठिकाणी रात्री ठराविक वेळेला दार बंद होते, ते आधी विचारून घ्यावे.

जेवणाची चिंता नको. तोर्ता अल तेस्तो म्हणजे जाड तव्यावर भाजलेली, आपल्या भाकरीसारखी सपाट पोळी. तिच्यात पालेभाजी आणि चीज भरून मागावे. मसूर आणि चण्याची आमटी, ऑलिव्ह तेलातल्या भाज्या, स्त्रांगोत्सी नावाच्या जाड शेवया हे सगळीकडे मिळते. येथला पाव बिनमिठाचा असतो, तेव्हा तो बिघडला आहे असे समजू नये. एक मात्र सांभाळावे. या भागात डुकराच्या मांसाचा वापर फार आहे आणि कडधान्याच्या आमटीतही त्याचे तुकडे घालतात, म्हणून ‘सेन्झा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, असे प्रत्येक पदार्थासाठी वेगळे सांगावे.

अंबाझरी_काठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. रिवोतोर्तोविषयी ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की, आधी तेथे जाऊ. रोमहून टॅक्सीचा बेत रद्द केला आहे. असिसीत मुक्काम ठेवतो.

आता दोन प्रश्न उरले. नेमके कोणत्या तारखांना जावे? आणि गावे पाहण्यासाठी मी स्वतः गाडी चालवावी का?

जुना_सदरकर

तारखांविषयी स्पष्ट सांगतो. ३ आणि ४ ऑक्टोबर टाळावेत. यंदा फ्रान्सिस यांच्या निधनाला ८०० वर्षे होत आहेत, शिवाय इटलीने यंदापासून ४ ऑक्टोबर हा दिवस पुन्हा राष्ट्रीय सुट्टीचा केला आहे आणि तो रविवारी येतो. दोघी ज्येष्ठांना घेऊन त्या गर्दीत जाऊ नये. ६ ऑक्टोबरनंतर पोचलात तर गाव मोकळे झालेले असेल, तोडणीही चालू असेल आणि २० ऑक्टोबरच्या दसऱ्याआधी नागपूर गाठता येईल.

हिंगणा_टी_पॉइंट

गाडी चालवायची असल्यास आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आरटीओमधून निघण्याआधी काढून घ्यावा. जुन्या गावांच्या वेशीवर बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो, त्याला झेड-टी-एल म्हणतात. तेथे कॅमेरे असतात आणि दंड घरच्या पत्त्यावर येतो, म्हणून गाडी नेहमी कोटाबाहेरच्या वाहनतळावर लावावी. रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, तेव्हा चालवणाऱ्याने वाइनला हात न लावणेच उत्तम.

माझे मत विचाराल तर गाडीची गरज एकाच दिवशी आहे. स्पेल्लो असिसीच्याच रेल्वेमार्गावर आहे. तेथे पिंतुरिक्कियो यांनी १५०१ मध्ये रंगवलेले बाल्योनी प्रार्थनागृह पाहून संध्याकाळी परत येता येते. मोन्तेफाल्कोला मात्र रेल्वे नाही आणि बसगाड्या विरळ आहेत. त्या दिवसासाठी चालकासह गाडी करावी आणि बेवान्या, एक वाइनरी, मोन्तेफाल्को असे सलग पाहावे. बेवान्या सपाटीवर आहे, त्यामुळे दोघींना तेथे निवांत हिंडता येईल. मोन्तेफाल्कोला ‘उंब्रियाचा सज्जा’ म्हणतात (उंब्रिया म्हणजे ही सगळी गावे ज्यात येतात तो प्रांत). कोटाजवळून समोर असिसी, स्पेल्लो, त्रेवी ही सगळी गावे आपापल्या उतारावर दिसतात.

मराठा_लाइट

विषयाला धरूनच एक भर. उंब्रियाच्या उत्तरेला, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने नावाचे टेकडीवरचे गाव आहे. याच खोऱ्यातल्या लढाईत १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, वय अवघे २२, यांना वीरमरण आले. तुकडीतले बाकी सर्व जण ठार किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते जिंकले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. २०२३ मध्ये मोंतोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले आहे. असिसीपासून ते गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. चालकासह गाडी आणखी एक दिवस ठेवता आली तर एका मराठी घराने तेथे फूल वाहावे, असे माझ्या मनात आहे.

अंबाझरी_काठ

मोंतोने यादीत घेतले. मावशी म्हणते, फूल काटोलच्या बागेतले नेता येणार नाही, पण तेथले घेऊ. शेवटचा प्रश्न मामांच्या वतीने विचारते: त्यांनी पासितोची एक बाटली आणायला सांगितली आहे. ती आणता येईल का?

मृगबहार

आणता येईल. सीमाशुल्काशिवाय प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य आणण्याची मुभा आहे आणि पासितोची बाटली बहुधा ३७५ मिलीलिटरचीच असते. हातातल्या बॅगेत १०० मिलीलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली अनेक विमानतळांवर नेता येत नाही, म्हणून ती तपासणीत देण्याच्या बॅगेत जाड कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवावी. पावती जपून ठेवावी. मावशींसाठी त्रेवीचे ऑलिव्ह तेल पत्र्याच्या डब्यात घ्यावे, काचेच्या बाटलीत नको. मात्र नवीन तेल ऑक्टोबरच्या अखेरीपासून निघते, तेव्हा डब्यावर तेल कोणत्या हंगामाचे आहे ते वाचूनच घ्यावे.